निगमन : एक शब्द, दोन परंपरा

न्यायदर्शनाचा परिचय करून घेताना 'निगमन' हा शब्द आपण वाचला असेल. बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना तो तेथूनही आठवत असेल. शब्द एकच असल्यामुळे वस्तूही एकच असावी, असा समज सहज होतो. आणि मग आधुनिक तर्कशास्त्रातील 'नैसर्गिक निगमन' आपल्या नैयायिकांनी फार पूर्वीच सांगून ठेवले होते, असे विधान केले जाते. मला ते मान्य नाही. त्यात दोन्ही परंपरांवर अन्याय होतो, असे माझे मत आहे.

मी राहतो त्या गारगोटीचे उदाहरण घेऊ. गावात ऊन पडलेले असते, पण वेदगंगा गढूळ होऊन दुथडी वाहत असते. 'वर पाटगावकडे पाऊस झाला' असे आपण म्हणतो. कार्यावरून कारणाचे हे 'शेषवत्' अनुमान. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातही उदाहरण पूर आलेल्या नदीचेच आहे. ते दुसऱ्याला पटवायचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि शेवटी निगमन अशी पाच वाक्ये लागतात. येथे निगमन म्हणजे सिद्ध झालेल्या प्रतिज्ञेचा पुनरुच्चार, म्हणजे पाचांपैकी केवळ एक अवयव. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप आहे : पाणी अडविल्यानेही नदी फुगते, मग अनुमानावर विश्वास कसा ठेवावा? (पाटगावला आता धरण असल्याने हा आक्षेप आम्हांला अधिकच कळतो.) उत्तर असे की, नुसते वाढलेले पाणी हा हेतू नव्हेच, वेगवान प्रवाह, फेस, वाहत आलेली पाने-लाकडे यांसह आलेला पूर हा हेतू. म्हणजे वादाचा निर्णय नदीकाठी जाऊन, नीट पाहून होतो. नैयायिकांची दृष्टी ज्ञानाच्या खरेपणावर आहे.

गेरहार्ट गेंट्झेन यांचा प्रश्न निराळा होता. फ्रेगे, रसेल, हिल्बर्ट यांच्या पद्धतीत थोडी स्वयंसिद्धके आणि एखाद-दुसरा नियम घेऊन सारे सिद्ध करावयाचे असे. त्यात काटेकोरपणा होता, पण कोणताही गणिती प्रत्यक्षात तसा विचार करीत नाही. लुकासिएविच यांनी १९२६ मध्ये वॉर्सात ही अडचण मांडली आणि त्यांचे शिष्य यास्कोव्स्की यांनी १९३४ मध्ये तिचे उत्तर प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९३४-३५ मध्ये, गटिंगेनच्या गेंट्झेन यांचा प्रबंधही छापून आला. दोघांनाही एकमेकांच्या कामाचा आधार नव्हता.

त्यांची युक्ती आपल्या बोलण्यातलीच आहे. आपण म्हणतो, 'समजा, असे आहे'. त्यावरून काही निघते. मग 'असे असेल तर तसे' असे म्हणून आपण त्या 'समजा'तून मोकळे होतो. हे मोकळे होणे महत्त्वाचे. उत्तरपत्रिका तपासताना मला 'समजा'ने उघडलेले परिच्छेद वारंवार भेटतात. चार ओळींनंतर तेच गृहीतक वस्तुस्थिती होऊन बसलेले असते, आणि निष्कर्ष त्याच्यावर उभा असतो. वाक्ये शुद्ध, शैली बरी. पण उघडलेले दार कोणी लावलेलेच नाही. हा दोष नदीकाठी जाऊन सापडत नाही, तो युक्तिवादाच्या आकृतीत आहे.

गेंट्झेन यांनी दुसरीही एक रचना सिद्ध केली. तीत डावीकडे गृहीते, उजवीकडे निष्कर्ष, आणि प्रत्येक पायरीचा नियम. मधले एखादे उपप्रमेय सिद्ध करून त्याच्या आधारे पुढे जाणे, या नियमाला 'छेद' म्हणतात. असे सर्व छेद काढून टाकता येतात, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. सिद्धता मग फार लांबू शकते, पण तीत वळसा उरत नाही. निष्कर्षाच्या घटकांबाहेरचे काहीच तीत येत नाही. सिद्धता ही स्वतःच अभ्यासाची वस्तू ठरवून तिच्या घडणीचा विचार करणाऱ्या संरचनात्मक सिद्धतामीमांसेचा उगम येथे आहे. गेंट्झेन यांचे चरित्र मात्र प्रेरणादायी म्हणून सांगता येणार नाही. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागच्या तुरुंगात उपासमारीने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मरण पावले.

भाषेच्या अभ्यासकाला या रचनेतील एक बारकावा विशेष मोलाचा वाटतो. गृहीतांचा क्रम बदलावा, एकच गृहीत दोनदा वापरावे, एखादे न वापरता तसेच ठेवावे, या मुभा आपण एरवी न सांगता घेतो. गेंट्झेन यांनी त्यांचे वेगळे नियम केले. वेगळे केलेले नियम वगळूनही पाहता येतात. लॅम्बेक यांनी १९५८ मध्ये ते वगळून वाक्यरचनेचे गणित मांडले, कारण वाक्यात शब्द उरून चालत नाही आणि क्रमही वाटेल तसा बदलत नाही. आता मराठीकडे पाहा. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामाने खाल्ला' ही दोन्ही वाक्ये चालतात, पण 'घरावर'मधला 'वर' घराच्या आधी नेता येत नाही. म्हणजे क्रमबदलाची मुभा आपल्या भाषेत एका पातळीवर आहे, दुसऱ्या पातळीवर नाही. ती नेमकी कोठे संपते, हे आपल्याच बोलीतली दहा वाक्ये उलटसुलट करून प्रत्येकाने तपासावे.