शुद्धीवर असलेले मारेकरी

हशीश चढलेल्या माणसाला धड चहा करता येत नाही. आणि अकराव्या-बाराव्या शतकातले सगळ्यात थंड डोक्याने केलेले राजकीय खून मात्र हशीशच्या नशेत झाले, असं जग आठशे वर्षं मानत आलं आहे. इंग्रजीतला 'असॅसिन' हा शब्दच 'हशीशी'वरून आला, हे चारचौघांत सांगून टाळी घेणारे लोक मला नेहमी भेटतात. शब्दाची व्युत्पत्ती बरोबर आहे. तिच्या मागे जोडलेली गोष्ट बंडल आहे.

गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. डोंगरातल्या किल्ल्यात एक म्हातारा, त्याने केलेली बाग, तिथे मधाचे पाट आणि सुंदर तरुणी. पोरांना गुंगी देऊन आत न्यायचं, चार दिवस स्वर्ग दाखवायचा, मग बाहेर काढून सांगायचं, की अमक्याला मारलंस तर परत जाशील. ही गोष्ट जगभर पोचवली मार्को पोलोने. इराणमधून तो गेला 1273च्या आसपास, आणि आलमूतचा किल्ला मंगोलांनी 1256 मध्येच घेऊन मोडला होता. न पाहिलेल्या बागेचं इतकं रसाळ वर्णन करणं ही प्रवासवर्णनकारांची जुनी खोड.

मग 'हशीशी' आलं कुठून? भाऊबंदकीतून. 1094 मध्ये कैरोचा फातिमी खलिफा वारला आणि निझार व मुस्तअली या त्याच्या मुलांत गादीचा वाद लागला. इराणमधल्या इस्माइलींनी निझारची बाजू घेतली. पुढे मुस्तअलीच्या मुलाच्या दरबारातून 1120च्या दशकात निझारींविरुद्ध एक पत्र निघालं, त्यात हा शब्द आहे. आपण ज्या अर्थाने कुणाला 'गंजेटी' म्हणतो त्या अर्थाने, म्हणजे शिवी म्हणून. मंगोलांच्या पदरी असलेला इतिहासकार जुवैनी या पंथाचा इतका द्वेष करायचा, की त्यांचं नाव घेताना त्याची लेखणी थुंकते. हशीशचा आरोप मात्र तोही करत नाही. आणि ज्याच्यावर हा सगळा अंमली कारभार लादला जातो त्या हसन-इ-सब्बाहने स्वतःच्या मुलाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून मारवलं होतं. दुसऱ्या मुलाला खुनाच्या आरोपावरून, आणि तो आरोप नंतर खोटा निघाला. असा माणूस भयंकर असेल. गुत्तेदार नक्कीच नव्हता.

माझा राग इतिहासातल्या चुकीवर नाही, तिच्या सोयीवर आहे. मारेकऱ्याला नशेबाज ठरवलं की विचारायचं काही उरत नाही. मराठी वर्तमानपत्रांकडे यासाठी 'माथेफिरू' हा तयार शब्द आहे. गांधींच्या खुनानंतर त्याच संध्याकाळी देशाला सांगितलं गेलं, की हे एका वेड्याचं कृत्य आहे. त्या 'वेड्या'ने पुढे कोर्टात आपल्या कृत्याचं समर्थन करणारं लांबलचक, मुद्देसूद निवेदन वाचलं. वेडा म्हणताना आपण त्याचा निषेध करतोय असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण त्याच्या विचाराला मोकळं सोडत असतो.

आलमूतचा विचार काय होता? हसनने 1090 मध्ये किल्ला घेतला तेव्हा समोर सेल्जुक साम्राज्य होतं. मैदानात त्याच्याशी लढणं निझारींना शक्यच नव्हतं. पण या साम्राज्याची एक गोम होती. तिथली सत्ता खात्यांत आणि कायद्यांत कमी, माणसांत जास्त होती. सरदार गेला की त्याची फौज पांगायची, सुलतान गेला की भाऊ एकमेकांवर तुटून पडायचे. ऑक्टोबर 1092 मध्ये वजीर निझाम-उल-मुल्क इस्फहानहून बगदादला निघाला असताना सूफीच्या वेशातला एक तरुण त्याच्या पालखीजवळ गेला आणि त्याने सुरी चालवली. महिनाभरात सुलतान मलिकशाहही वारला. वारसांच्या भांडणात आलमूतवरची मोहीम विरघळून गेली. याला नशा म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात. हसनच्या चौतीस वर्षांत असे पन्नासेक खून झाले, आणि किल्ल्यावर त्यांची यादी ठेवलेली असे: मेला कोण, मारणारे फिदाई कोण. खुनांची दप्तरी नोंद! अंगावर काटा यावा तो या कारकुनीने.

(वजीर, हसन आणि उमर खय्याम हे एका वर्गातले सवंगडी, ही फिट्झजेराल्डने पसरवलेली कथाही सोडून द्यावी. वजीर 1018चा, खय्याम 1048चा. इतका नापास होणारा वजीर सेल्जुकांनी ठेवला नसता.)

आता दुसऱ्या टोकाचे लोक. कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम यांच्यावर वाढलेल्यांना हे फिदाई पांढऱ्या वस्त्रातले न्यायदूत वाटतात. त्यांचा युक्तिवाद असा, की हजारोंची लढाई करण्यापेक्षा एक जुलमी माणूस मारला तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं. मारले गेलेले सगळे जुलमी सेनापती नव्हते. इस्फहानचा काझी या पंथाच्या विरोधात बोलायचा. चिलखत घालून आणि रक्षक घेऊन फिरायचा, तरी भर मशिदीत मारला गेला. दुसरं म्हणजे फिदाई एकदाच मरायचा, किंमत मागच्यांनी द्यायची. इस्फहानमध्ये, 1113 मध्ये हलबमध्ये, 1129 मध्ये दमास्कसमध्ये इस्माइली म्हणून लोक कापले गेले. त्यातल्या बहुतेकांनी आलमूत पाहिलंही नसेल. आणि तिसरं, एकदा खून हे तुमचं हत्यार ठरलं की प्रत्येक खून तुमच्या नावावर जमा होतो. निझाम-उल-मुल्कच्या बाबतीतही दरबारातल्याच लोकांचा हात असल्याची कुजबुज तेव्हापासून आहे. 1192 मध्ये टायरला काँराड मारला गेला. मारेकरी फिदाई, पण सुपारी रिचर्डची की सलाउद्दीनची, यावर वाद सुरूच राहिले. शंभर वर्षं सुरी चालवून निझारींनी सेल्जुकांची जागा घेतली नाही. ती दुसऱ्यांनीच घेतली.

हे सगळं दूरच्या इराणचं म्हणून सोडून देता येत नाही, कारण या इमामांचे वंशज म्हणून मान्यता असलेले आगाखान मुंबईत राहिले. 1866 मध्ये खोजा समाजाच्या मालमत्तेचा वाद मुंबई हायकोर्टात उभा राहिला, तेव्हा न्यायमूर्ती अर्नोल्ड यांना निकालासाठी थेट आलमूतपर्यंत मागे जावं लागलं. पहिले आगाखान माझगावच्या हसनाबादेत पुरले आहेत. बाजूला राहणाऱ्या, दुकानं आणि दवाखाने चालवणाऱ्या माणसांच्या पूर्वजांना आपण कुठल्या शब्दाने ओळखतो, हा म्हणून नुसता व्युत्पत्तीचा प्रश्न नाही.

आलमूतचं ग्रंथालय जुवैनीने पाहिलं, कुराणं आणि आवडलेली काही पुस्तकं बाजूला काढली, उरलेली जाळली आणि हे स्वतःच लिहून ठेवलं. इस्माइलींची बाजू त्या आगीत गेली असंच पुढची कित्येक शतकं वाटत होतं. मग विसाव्या शतकात इव्हानोव नावाचा रशियन पंडित मुंबईत येऊन बसला, आणि बासनात बांधून जपलेली हस्तलिखितं इस्माइली घरांतून एकेक करून त्याच्या टेबलावर येऊ लागली.