साखर उतरली, पण हृदय सावरले का?

आपल्याकडे मधुमेही माणसाची प्रकृती एकाच आकड्यावरून मापण्याची रीत पडली आहे. रक्ताचा रिपोर्ट आला की आकडा जितका खाली, तितके घरच्यांचे समाधान मोठे. परंतु ज्याला मधुमेहाबरोबर हृदयाचाही अशक्तपणा आहे, त्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. विहिरीवरचा पंप चालू असतो, पण पाणी शेताच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, तशी ही स्थिती. पायांवर सूज येते, थोडे चालले तरी धाप लागते, रात्री उताणे झोपवत नाही. मधुमेह्यांना हा विकार अधिक जडतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीतून १९७४ साली दिसून आले की, मधुमेही पुरुषांत त्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट होते.

मग साखर जितकी उतरवावी तितके बरे, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. अमेरिका व कॅनडा येथे 'अ‍ॅकॉर्ड' नावाच्या प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेले १०,२५१ मधुमेही घेतले होते. अर्ध्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न झाला; उरलेल्यांना ७ ते ७.९ चे लक्ष्य दिले. कडक उपचारांच्या गटात २५७ मृत्यू झाले, तर दुसऱ्यात २०३. म्हणून २००८ च्या फेब्रुवारीत ते कडक उपचार थांबवावे लागले. पुढे २००९ साली अमेरिकेतील ५,८१५ माजी सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. या सर्वांना मधुमेह व हार्ट फेल्युअर दोन्ही होते. ज्यांचा आकडा ७.१ ते ७.८ च्या दरम्यान होता, त्यांच्यात मृत्यू सर्वांत कमी होते. त्याहून खूप खाली व खूप वर, दोन्हीकडे ते अधिक.

येथे एक सावधगिरी हवी. आजाराने खंगलेल्या माणसाला अन्न जात नाही, म्हणूनही त्याची साखर उतरते. तेव्हा कमी साखरेनेच हे सर्व मृत्यू झाले, असे म्हणता येणार नाही. तरीही साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम सुटतो, हातपाय कापतात, छाती धडधडते; हा ताण दुबळ्या हृदयाला सोसवत नाही. सकाळी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी भातलावणीला उतरणाऱ्याला हे संकट बांधावरच गाठते. उपवासकाळातही आजाऱ्यावर उपवासाचे बंधन नसते, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ गूळ-साखरेला मोकळीक मिळाली, असा मात्र कोणी काढू नये. वर चढलेली साखर मूत्रपिंड, डोळे व हृदय पोखरतेच.

आकड्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व औषध कोणते याला आहे. पायोग्लिटाझोन या गोळीने अंगात पाणी साठते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ती योग्य नाही. उलट एम्पाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि हृदयालाही आधार देतात. २०१९ च्या मोठ्या प्रयोगात डापाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणे यांचे एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी घटले. मधुमेह नसलेल्यांनाही लाभ झाला. भारतात तिचे पेटंट २०२० साली संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या निघाल्या. मात्र उलट्या, ताप किंवा उपवास असताना त्या चालू ठेवाव्यात की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढच्या खेपेस "माझी साखर किती?" एवढेच विचारून परत फिरू नका. "माझ्या हृदयाचा विचार करता माझी साखर कितीवर असावी? या गोळीने पाणी तर साठत नाही ना?" असे धीटपणे विचारा. दररोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर दवाखाना गाठा. सुकी खारी मासळी, लोणचे, पापड यांना आवर घाला. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

भाताला पाणी लागते, म्हणून कोणी बांध फोडून खाचर बुडवीत नाही आणि कोरडेही पाडीत नाही. पाण्याची पातळी राखणे आपल्याला ठाऊक आहे. तेच शहाणपण आजारी माणसाच्या साखरेबाबत दाखवावे, एवढेच आमचे मागणे.