गाण्याला गुण देणारे

सांप्रत आमच्या सुशिक्षित घरांतून एक नवा हट्ट ऐकूं येऊं लागला आहे. युरोपांत दरवर्षीं राष्ट्राराष्ट्रांची गायनस्पर्धा भरते. १९५६ सालीं लुगानो येथें सात देशांनीं तिचा आरंभ केला. आज ती कोट्यवधि लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. "तशी स्पर्धा आशियांतही भरवावी, आणि तींत भारतातर्फे एखाद्या बुजुर्ग गवयास अथवा गायिकेस धाडावें, म्हणजे आमच्या संगीताची जगांत काय किंमत आहे तें एकदांचें कळेल," असें अमरावतीचे आमचे एक विद्वान् स्नेही परवां मोठ्या आवेशानें म्हणाले. हेतु चांगला, सूर देशाभिमानाचा, आणि सूचना आमच्या मतें सर्वथा त्याज्य!

प्रथम त्या स्पर्धेचाच दाखला घेऊं. २०१२ सालीं ती बाकू येथें झाली. ब्रिटननें एंगेलबर्ट हम्परडिंक या ७६ वर्षांच्या, आपल्याच मद्रासेंत जन्मलेल्या गायकास पाठविलें. १९६७ सालीं ज्याच्या गीतानें खुद्द बीटल्सच्या गीतास ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर चढूं दिलें नाहीं, तोच हा गायक. त्यास १२ गुण मिळाले. २६ स्पर्धकांत त्याचा क्रमांक २५ वा. आतां या आंकड्यांवरून आम्हांस काय कळलें? आवाज वयानें थकला होता, कीं गीतच सामान्य होतें, कीं सर्वांआधीं गावें लागल्यामुळें मतें देण्याच्या वेळीं लोकांस त्याचें स्मरण राहिलें नाहीं? बारा हा आंकडा यांपैकीं कांहींच सांगत नाहीं. जन्मभराच्या कीर्तीवर एका रात्रींत शेरा मात्र मारला गेला.

आमचे स्नेही म्हणतील, त्याच रात्रीं रशियातर्फे बुरानोवो गांवच्या आजीबाई गायिल्या आणि त्यांचा दुसरा क्रमांक आला, त्याचें काय? आम्ही म्हणतों, फार उत्तम झालें! त्यांची उदमुर्त बोली, जिचें नांवही पुष्कळांनीं ऐकलें नव्हतें, ती त्या रात्रीं अर्ध्या जगाच्या कानीं पडली. परंतु हा लाभ गाणें ऐकलें गेल्याचा आहे. क्रमांक दुसरा आला त्याचा नव्हे.

कुस्तींत पाठ मातीला लागली कीं निकाल लागला; अमरावतीच्या आखाड्यांत वाढलेल्या मुलास हें सांगावयास नको. गाण्यांत पाठ कोणाची व माती कोणती? हा प्रश्न आम्ही केवळ तर्कानें विचारीत नाहीं. चार वर्षांपूर्वीं अकोल्यास एका भजनस्पर्धेंत आम्ही स्वतः परीक्षक म्हणून बसलों होतों. हातीं छापील तक्ता होता: सूर, ताल, शब्दोच्चार, मंचावरील वावर, प्रत्येकास दहा गुण. एका खेड्यांतून सत्तरी उलटलेले एक बुवा आले. आवाज घोगरा, वरचा षड्ज लागेना. पण एकतारीवर त्यांनीं नुसतें 'विठ्ठल' म्हटलें, आणि मंडपांतील बोलणें थांबलें. आमचे डोळे पाणावले. आणि त्याच डोळ्यांनीं तक्ता पाहून आम्हीं सुराच्या रकान्यांत चार लिहिले! नियमानें तें बरोबरच होतें. बुवा अकरावे आले. निकालानंतर जवळ येऊन त्यांनीं विचारलें, "इतके वर्स मी चुकीचंच गात होतो काय जी?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यानंतर ते कोठें गायिले नाहींत, असें कानीं आलें. तो अपराध तक्त्याचा नव्हे, आमचा आहे.

मग देशाचें प्रतिनिधित्व गायकानें करूंच नये काय? अवश्य करावें, आणि तें कसें करावें याचा दाखला आमच्या वऱ्हाडांतच आहे. अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें १९०९ सालीं जन्मलेले तुकडोजी महाराज १९५५ सालीं जपानांतील विश्वधर्म परिषदेस गेले, तेव्हां सोबत आपली खंजिरी घेऊन गेले. मोझरीच्या गुरुकुंजांत जी वाजे, तीच तेथें वाजली. तेथील बहुतेकांस ना मराठी येत होती, ना हिंदी. महाराजांना कितवा क्रमांक मिळाला, हें कोणी विचारीत नाहीं. कारण तो प्रश्नच तेथें नव्हता.

दुसरें उदाहरण गोव्यांतील केरी गांवच्या, अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचें. १९७७ सालीं अमेरिकेनें दोन व्हॉयेजर यानें अवकाशांत सोडलीं. त्यांवरील तबकडींत साऱ्या पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती कोणीं निवडली? आमच्या सरकारनें नव्हे, कोणत्या स्पर्धेनें नव्हे. रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन संगीतज्ञानें ती सुचविली. मूळ ध्वनिमुद्रिका तर मिळतां मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या खोक्यांत ती सांपडली. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ज्या स्वरानें पृथ्वीचें प्रतिनिधित्व केलें, त्यास दहांपैकीं किती गुण द्यावे, हें आमच्या स्नेह्यांनीं कृपा करून सांगावें.

स्पर्धांनीं होतकरू मुलांची भीड चेपते, हें आम्हांस मान्य आहे. शाळेच्या वयांत त्या खुशाल असाव्या. परंतु ज्यानें पन्नास वर्षें गळा झिजविला त्याला पुन्हां परीक्षेस बसविणें हा गौरव नव्हे, अवमान आहे. आणि यांत खरें उणें गायकाचें नसून आमचें आहे. परदेशच्या गुणपत्रिकेवांचून आपलें गाणें चांगलें कीं वाईट हें आम्हांस ठरवितां येत नाहीं, कारण स्वस्थ बसून ऐकण्याची संवयच आम्हीं सोडली. अमरावतींत आणि अकोल्यांत, आपल्याच गल्लीपलीकडे, एखादे वृद्ध गवई वा भजनी बुवा तंबोऱ्याला गवसणी घालून बसलेले असतील. आमच्या स्नेह्यांनीं त्यांस देशातर्फे कोठें धाडण्यापूर्वीं एका शनिवारीं आपल्या घरीं बोलवावें, योग्य बिदागी द्यावी, आणि दोन तास कांहीं न बोलतां ऐकावें. हातांत तक्ता नसावा, एवढीच आमची अट आहे.