हप्ता वाढला, छत्र मात्र आकसले

महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये ‘एक रुपयात पीक विमा’ ही योजना बंद केली आणि त्याच वर्षीच्या खरिपापासून शेतकऱ्याने विम्याचा हप्ता पुन्हा स्वतःच्या खिशातून भरावा, असे ठरविले. शहरी वर्तमानपत्रांत या निर्णयाची चर्चा दोन-चार दिवस झाली आणि विरून गेली. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात तो विषय असा सहज विरणारा नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर जिथे वर्षाचा संसार उभा राहतो, तिथे विम्याचा हप्ता हा बी-बियाणे, खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च यांच्याच रांगेत येऊन उभा राहतो.

विमा महाग होत जाण्याचे संकट केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९२ साली ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ आले, तेव्हा घरांचा विमा उतरविणाऱ्या कित्येक कंपन्या दिवाळ्यात निघाल्या. २०२२ च्या ‘इयान’ वादळानंतर तेथील घरमालकांचा हप्ता इतका चढला, की अनेकांना घर राखावे की विमा, असा प्रश्न पडला. २०२३ साली एका बड्या कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे उतरविणेच थांबविले. कोकण आणि वसईकडील आमच्या वाचकांना वादळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड परिसरातील घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. त्या घरांपैकी फारच थोड्यांचा विमा होता. राज्य शासनाने मदतीचे दर वाढविले, पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये दिले, म्हणून लोक सावरले.

विदर्भाला समुद्र नाही. पण आकाश आहे. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत वर्धा, वणा, यशोदा या नद्यांनी काठ सोडले, तेव्हा हिंगणघाट तालुक्यातील शेते दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या पावसाळ्यात, पाण्याची ओढ आणि पाठोपाठ पिवळा मोझॅक व मूळकूज या रोगांनी सोयाबीन उभ्या उभ्या वाळले. तेव्हा वादळाच्या प्रदेशात घरमालक ज्या प्रश्नाशी झगडतो, त्याच प्रश्नाशी अल्लीपूरचा शेतकरी झगडत असतो. फरक एवढाच की, त्याच्या लेखी विम्याची वस्तू घर नसून पीक असते.

घराचा विमा आपल्या ग्रामीण भागात अजून जवळजवळ अनोळखी आहे. वस्तुतः १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाचा एकसारखा घरविमा देशातील सर्व सामान्य विमा कंपन्यांनी देणे बंधनकारक झाले. पूर, वादळ, आग, भूकंप हे सारे त्यात येते आणि घरातील सामानही इमारतीच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, दहा लाखांच्या मर्यादेत, आपोआप सुरक्षित होते. पण गावात तो विकायला कोणी येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा वस्तू व सेवा करातून मुक्त झाला. घराच्या विम्याला मात्र ती सवलत मिळाली नाही. परिणामी गावातील भिंत पडली की माणूस तहसील कार्यालयाकडे पाहतो. तेथे आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६ हजार ५०० आणि कच्च्या घरासाठी ४ हजार रुपये ठरले होते. चार हजारांत आजच्या भावाने किती विटा येतात, हे वाचकांनीच मोजावे.

आता पिकाकडे वळू. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याने खरीप पिकासाठी विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकासाठी पाच टक्के भरावेत, उरलेला हप्ता केंद्र व राज्य यांनी सोसावा, अशी तिची मांडणी. २०२० पासून ती कर्जदार शेतकऱ्यांनाही ऐच्छिक झाली. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने शेतकऱ्याचा वाटाही स्वतःकडे घेतला आणि केवळ एक रुपया ठेवला. २०२२ च्या खरिपात सुमारे ९६ लाख अर्ज आले होते. २०२३ मध्ये ते सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले.

एवढी वाढ केवळ शेतकऱ्याच्या जागृतीमुळे झाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. शेतकऱ्याकडून एक रुपया घेणाऱ्या सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळत होते. अर्ज जितके अधिक, तितके चाळीस अधिक. मग शासकीय जमिनी, देवस्थानांच्या जमिनी, परक्याचे सातबारे, जिथे पीकच नाही असे शिवार, या सर्वांचे विमे उतरविले गेल्याचे उघड झाले. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या एका रुपयावर बोलताना भिकाऱ्याची उपमा वापरली आणि राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता; पण त्या गदारोळात मूळ प्रश्न हरवला. खोटे अर्ज रचणारे दलाल आणि हप्त्याचा पैसा नसलेला अल्पभूधारक हे दोन वेगळे लोक आहेत. पहिल्याला चाप लावताना दुसऱ्यालाही बाहेर ढकलले जाणार नाही, हे पाहणे शासनाचे काम होते.

हप्त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्याकडे दोन हेक्टर जमीन आहे. एकात सोयाबीन, दुसऱ्यात कापूस. दोन्ही पिकांची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरली, तर सोयाबीनचा हप्ता कमाल एक हजार आणि कापसाचा कमाल अडीच हजार होतो. (जिल्ह्यासाठी निविदेत ठरलेला दरच कमी असेल, तर शेतकऱ्यालाही कमी भरावे लागते, म्हणून ‘कमाल’ हा शब्द.) साडेतीन हजार रुपये ही रक्कम पगारदार माणसाला मोठी वाटणार नाही. पण ती मागितली जाते जुलैमध्ये. पेरणी आटोपलेली असते, एखाद्याला दुबार पेरणीही करावी लागलेली असते, निंदणाची मजुरी द्यायची असते आणि मागील कापसाचे पैसे केव्हाच संपलेले असतात. घरात सर्वांत कमी पैसा ज्या महिन्यात असतो, त्याच महिन्यात विमा दाराशी येतो.

तरीही, आमच्या मते, हप्ता हा या निर्णयाचा सर्वांत जाचक भाग नाही. जाचक भाग त्याच निर्णयाच्या आतल्या पानांवर होता आणि त्याची चर्चा फार कमी झाली. पूर्वी पाच प्रसंगी भरपाई मिळू शकत असे. पावसाअभावी पेरणीच न होणे. हंगामाच्या मध्येच पीक हातचे जाणार असे दिसणे. गारपीट, ढगफुटी, पाणी साचणे अशी स्थानिक आपत्ती. कापून शेतात पसरलेल्या पिकाचे चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने होणारे नुकसान. आणि शेवटी, हंगामाअखेर पीक कापणी प्रयोगातून सिद्ध होणारी उत्पादनातील घट. २०२५ च्या खरिपापासून यातील पहिले चार प्रसंग वगळण्यात आले. राहिला तो केवळ पाचवा.

याचा अर्थ समजून घेण्यासाठी शिवारात जावे लागते. नुकसान मोजण्याचे एकक सामान्यतः महसूल मंडळ असते. अल्लीपूर मंडळात नदीकाठची काळी, खोलगट जमीन आहे आणि दूरवर उंचावरची बरड जमीनही आहे. मंडळात किमान दहा ठिकाणी पीक कापून पाहतात आणि सरासरी काढतात. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून ‘उंबरठा उत्पादन’ ठरते. महाराष्ट्रात ते त्या सरासरीच्या सत्तर टक्के धरले जाते. मंडळाचे प्रत्यक्ष उत्पादन उंबरठ्याच्या खाली गेले, तरच भरपाई. समजा, उंबरठा हेक्टरी दहा क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी सात भरली, तर तीस टक्के घट मानून ५० हजारांच्या विम्यावर १५ हजार मिळतील. सरासरी अकरा भरली, तर कोणालाच काही नाही. आता नदीच्या पुराने काठावरची पन्नास शेते खरवडून नेली आणि त्याच पावसाने वरच्या बरड जमिनीत पीक छान आले, तर? सरासरी उंबरठ्याच्या वर राहते. ज्याचे शेत वाहून गेले, त्याच्या हाती हप्त्याची पावती तेवढी उरते.

फ्लोरिडातील घरमालकाचा हप्ता कितीही वाढो, त्याचे छप्पर उडाले तर पाहणी त्याच्याच घराची होते. शेजाऱ्याचे घर शाबूत आहे म्हणून त्याचा दावा फेटाळला जात नाही. आमच्याकडेही स्थानिक आपत्तीच्या कलमाखाली बहात्तर तासांच्या आत कळविले, की त्याच शेताचा पंचनामा होण्याची सोय होती. ती अंमलात आणताना असंख्य तक्रारी येत. फोन लागत नसे, पाहणीला माणूस येत नसे. पण सोय होती. ऑक्टोबरमध्ये सवंगणी झालेले सोयाबीन शेतात पडलेले असताना परतीचा पाऊस येतो आणि दाण्याला कोंब फुटतात, हे विदर्भात नवलाचे नाही. कापणी प्रयोग त्याआधीच आटोपलेला असेल, तर कागदावर पीक उत्तम आलेले असते.

शासनाची बाजूही सांगितली पाहिजे. वगळलेल्या कलमांखालील दाव्यांवर राज्याचा हप्ता अवाढव्य झाला होता, तो पैसा कंपन्यांकडे जाण्यापेक्षा शेतीच्या पायाभूत कामांवर खर्चावा, असा युक्तिवाद करण्यात आला. त्यातूनच वर्षाला पाच हजार कोटी, याप्रमाणे पाच वर्षांत पंचवीस हजार कोटींची कृषी समृद्धी योजना जाहीर झाली. शेततळे, ठिबक, गोदाम ही कामे मोलाची आहेत, यात शंका नाही. पण शेततळे पुराला अडवीत नाही आणि ज्याला ते मिळते तो, व ज्याचे पीक वाहून जाते तो, एकच असेल असेही नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ज्या मे महिन्यात विमा आकसला, त्याच महिन्याच्या अखेरीस शासनाने नुकसानीच्या थेट मदतीचे दरही खाली आणले. जिरायती पिकासाठी हेक्टरी १३ हजार ६००, तीन हेक्टरांपर्यंत, असे जे मिळत होते, ते केंद्रीय निकषांप्रमाणे हेक्टरी ८ हजार ५००, दोन हेक्टरांपर्यंत, असे झाले. एक छत्री लहान केली आणि दुसरीही. त्यानंतर चारच महिन्यांत मराठवाड्यात महापूर आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाला ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. मर्यादाही पुन्हा तीन हेक्टर झाली. विम्याने ज्या नुकसानीची आधीच तजवीज करावयाची, ती आपत्तीनंतर तिजोरीतून घाईने करावी लागते, ही बचत कसली? पॅकेज हे लोकक्षोभाच्या आकारावर ठरते. एका मंडळातील पन्नास शेते वाहून गेली, तर त्यासाठी कोणी पॅकेज जाहीर करीत नाही.

भरपाई मिळते तेव्हाही ती कशी मिळते, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. अकोला जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांच्या खात्यांत विम्यापोटी अगदी काही रुपये जमा झाले आणि त्यांनी ते प्रशासनाला परत केले. केंद्रीय कृषिमंत्र्यांना चौकशीचा आदेश द्यावा लागला.

ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत, ते तर या चर्चेतून बाहेरच राहतात. मक्त्याने जमीन करणाऱ्याला नोंदणीकृत करार दाखवावा लागतो, आणि असा करार लिहून देणारा जमीनमालक विरळा. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. ई-पीक पाहणीत एक पीक आणि अर्जात दुसरे, असे आढळले तर विमा रद्द होतो. खोट्या अर्जांना आळा घालण्यास हे उपाय उचितच आहेत. तथापि पती वारल्यावर वारसाची नोंद रखडलेली विधवा यात कुठे बसते, याचे उत्तर संगणक देत नाही. आमच्या धर्मग्रामांतील समाजकेंद्रे व स्वयंसाहाय्य गटांना येथे खरे काम आहे. जुलैच्या आत वारस नोंद, ओळख क्रमांक आणि पीक पाहणी या तीन गोष्टी पुऱ्या करून देणे हे हप्त्याला हातभार लावण्याइतकेच उपयोगाचे ठरेल.

कापणी प्रयोगाकडेही गावाने लक्ष दिले पाहिजे, कारण आता सारी भिस्त त्यावरच आहे. प्रयोगाचा प्लॉट कोणाच्या शेतात निघाला, कापणी कोणत्या दिवशी होणार, वजन किती भरले, हे पाहण्यासाठी गावकऱ्यांना हजर राहता येते. कापसात तर वेचण्या अनेक होतात. प्रत्येक वेचणीची नोंद झाली की नाही, हे विचारण्यात संकोच नसावा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात स्थानिक आपत्तीच्या धर्तीवर घेण्याचे जाहीर केले. बहात्तर तासांत छायाचित्रांसह कळवावयाचे, अशी त्याची रीत. रोही आणि रानडुकरांचे कळप ज्यांनी रात्र रात्र जागून हाकलले आहेत, त्या वर्धा जिल्ह्याला या कलमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण असे जादा संरक्षण घ्यावे की नाही, हे राज्याने ठरवावयाचे असते, आणि आमच्या राज्याने स्थानिक आपत्तीचे कलमच २०२५ मध्ये काढून टाकले होते. म्हणून हप्ता भरण्यापूर्वी अल्लीपूरच्या शेतकऱ्याने कृषी साहाय्यकाला आधी हे विचारावे, की या हंगामाच्या अधिसूचनेत आपल्या मंडळासाठी नेमके कोणते प्रसंग धरले आहेत. आणि मिळालेले उत्तर पावतीच्या मागे लिहून ठेवावे.