अब्बांच्या फोनात न मावलेला आकडा

मागच्या रमजानमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली. मधुमेह असणाऱ्यांनी रोजा ठेवताना काय काळजी घ्यावी, याचं ते इन्फोग्राफिक होतं. मी ते ऑफिसात लॅपटॉपवर उघडलं. सेहरीपासून इफ्तारपर्यंतचा दिवस घड्याळासारख्या गोलात मांडला होता. ज्या तासावर माउस न्यावा, त्या तासाची सूचना बाजूला उमटायची. मला ते इतकं आवडलं की अब्बांनाही फोन करून बघायला सांगितलं.

अब्बांच्या फोनवर तो गोल लिंबाएवढा झाला होता आणि अक्षरं मुंगीएवढी. फोनला माउस नसतो, त्यामुळे सूचना उमटल्याच नाहीत. अब्बांनी दोनदा बोट टेकवून पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

चार दिवसांनी असरच्या सुमारास त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. अम्मीनं साखर तपासली तर ६२. अब्बा म्हणाले, "मगरिबला थोडाच वेळ राहिलाय, थांबतो." अम्मीनं ऐकलं नाही. साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं.

साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असं मधुमेह आणि रमजानविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हे वाक्य त्या चित्रातही होतं. फक्त ते माउसखाली लपलेलं होतं.

'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना एथन मार्कोट यांनी २०१० साली मांडली. आज ती प्रत्येक डिझायनरच्या तोंडी आहे. पण आरोग्याच्या चित्रांबाबत तिचा अर्थ बहुतेक वेळा मोठं चित्र आक्रसून लहान करणं एवढाच उरतो. वेबच्या सुलभतेचे २०१८ चे निकष सांगतात की ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावरही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. मात्र नकाशे आणि आकृत्यांना त्यात सूट आहे. नियमानं सूट दिली, तरी आजार सूट देत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सुरुवात लहान पडद्यापासून करा. गोल मावत नसेल तर तो मोडून उभी पट्टी करा, एकाखाली एक तास येऊ द्या. ७० आणि ३०० हे आकडे कशालाही हात न लावता दिसले पाहिजेत. रंगाबरोबर शब्दही हवा, कारण लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसत नाही. बटण बोटाच्या मापाचं हवं. मजकूर चित्रात गोठवू नका, म्हणजे तो मोठा करून वाचता येईल. मराठीत तर रफार, उकार आणि जोडाक्षरं बारीक टाइपात एकमेकांत घुसतात. ओळींमध्ये जास्त जागा लागते. वाचकानं स्वतःची साखर टाकली की काय करायचं ते सांगणारा एक चौकोन द्या. हात लावून बदलणाऱ्या चित्राचा खरा उपयोग तोच. लॅपटॉपवर जागा जास्त मिळते, तिथे अख्खा महिना शेजारीशेजारी दाखवा.

यावर उत्तर मिळतं, की फोनवर सगळं मावत नाही. बरोबर आहे. म्हणूनच काय ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना आपण कुणाचा विचार केला हे उघडं पडतं. लॅपटॉपची खिडकी अरुंद करून पाहणं म्हणजे फोनवर तपासणं नव्हे. काच तडकलेली, चष्मा दुसऱ्या खोलीत, वर उन्हाचा झोत, असा फोन हातात घेऊन बघा. आमच्या घरात, आणि बहुधा तुमच्याही घरात, ज्याला आजार आहे त्याच्याकडेच सगळ्यात जुना फोन असतो.

यंदा अम्मीनं ते दोन आकडे कागदावर ठळक लिहून साखर तपासायच्या यंत्राच्या डबीवर चिकटवले आहेत. त्या कागदाइतकं काम तरी फोनवरच्या चित्रानं करावं.