कूम डाऊनचा बोगदा

इंग्लंडांतील बाथ शहराच्या दक्षिणेस, डोंगराच्या पोटांतून गेलेला कूम डाऊन नांवाचा आगगाडीचा जुना बोगदा आहे. त्याची लांबी 1,672 मीटर, म्हणजे एका मैलाहून अधिक. 1874 सालीं तो वाहतुकीस खुला झाला. 1966 सालीं तो लोहमार्गच बंद पडला. पुढें रूळ निघाले आणि बोगदा चाळीस वर्षांहून अधिक काळ अंधारांत पडून राहिला. कांहीं स्थानिक नागरिकांनीं व सस्ट्रॅन्स या संस्थेनें चिकाटी धरली म्हणून 6 एप्रिल 2013 रोजीं तो पुन्हां उघडला. पण तो पायीं चालणारांसाठीं व सायकलस्वारांसाठीं.

कित्येक पालक विचारतील कीं, नुसत्या सहलीच्या मौजेसाठीं एवढा खटाटोप कशाला? आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. बाथ हें चढउतारांचें गांव. जेथें सडक डोंगरावर चढते, तेथें आगगाडीची वाट सौम्य चढानें आरपार जाते, आणि लहान मूल व वृद्ध मनुष्य दोघांसही ती झेपते. मोटारींचें भय तर मुळींच नाहीं.

शिवाय दुसरेंही एक कारण आहे. खंडाळ्याच्या घाटांतून गेलेल्या आमच्या बालवाचकांस बोगद्याचा काळोख ठाऊक आहे. विजेच्या इंजिनामुळें धूर मात्र ठाऊक नाहीं. कूम डाऊनचा बोगदा अरुंद, एकेरी रुळाचा. धूर जाण्यास मध्यें एकही झरोका नाहीं. नोव्हेंबर 1929 मध्यें एक जड मालगाडी त्यांतून अगदीं सावकाश चढत होती. धुरानें ड्रायव्हर व फायरमन दोघेही बेशुद्ध पडले. गाडी तशीच सरकत बाहेर आली, उतारास लागली आणि बाथच्या मालधक्क्यांत जाऊन आदळली. ड्रायव्हर व धक्क्यावरील दोन कामगार मरण पावले. बोगदा बुजलेलाच राहता तर या तिघांची आठवण कोणास झाली असती?

बोगदा उघडतांना मधल्या भागांत दिव्यांची व संगीताची योजना केली गेली. तिच्याविषयीं आमचें मन साशंक आहे. संगीत वाईट आहे असें नव्हे. परंतु मुलांना तेथें नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आधीं त्या मालगाडीची हकीकत सांगावी, आणि मग त्या लांबच लांब काळोखांत थोडा वेळ नुसतीं आपलींच पावलें ऐकावीं, असें आम्हांस वाटतें.