कावेरीकाठची ट्रिप, पाणी पाहून

मंडळी, अमेरिका-कॅनडातल्या भावंडांचे फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असतील. नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला दादा आणि हातात 'स्मॉलमाउथ बास' नावाचा तपकिरी-हिरवट मासा. तिकडचे हौशी लोक अशी ट्रिप ठरवताना सुट्ट्यांच्या आधी पाणी बघतात. वसंतात पाणी साधारण १५ अंशांवर आलं की या माशाचा नर तळातल्या खडीत घरटं करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. नेमकं तेव्हाच त्याला गळाने उचललं, तर अंडी दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. म्हणून काही ठिकाणी त्या दिवसांत मासेमारी बंद ठेवतात.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशी ट्रिप करायची तर? बास इथे नाही, पण त्याहून कितीतरी मोठा मासा शंभरेक किलोमीटरवर आहे. नाइस रोडने कनकपुरा रस्त्याला लागायचं आणि पुढे संगम, मेकेदाटू किंवा भीमेश्वरीच्या बाजूला उतरायचं. तिथल्या कावेरीत महासीर राहतो. मैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाला लावला होता. आपल्या पाचवीतल्या मुलापेक्षा जड!

एक गोष्ट आधीच सांगते. गळ घरी ठेवा. हा भाग १९८७ पासून कावेरी वन्यजीव अभयारण्यात आहे. भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डमकाली इथल्या कॅम्पमध्ये एके काळी देशोदेशीचे लोक महासीर पकडून परत सोडायला येत. नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा, हेच त्यांचं आमिष. इकडच्या लोकांचा मुद्दा माशालाही आवडतो म्हणायचा! वन्यजीव कायद्याच्या आधारे २०१० नंतर तेही थांबलं. आता कॅम्पवर राहता येतं, जंगलात फिरता येतं, नदी बघता येते, आणि बघायला पुष्कळ आहे.

मग जायचं कधी? जून ते सप्टेंबर कावेरीचं पाणी कोडगूच्या पावसावर चालतं. बेंगळुरूत ऊन असलं तरी धरणाचे दरवाजे उघडले की खाली नदी गढूळ होऊन फुगते. याच दिवसांत महासीर अंडी घालायला वर, लहान ओढ्या-उपनद्यांकडे निघतो. आपण त्या पाण्याजवळ जाऊ नये. पावसाळ्यात घरच्यांना बाहेर न्यायचंच असेल तर शिवनसमुद्रचे धबधबे कठड्यामागून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस इकडे बराच पडतो, तेव्हा पाण्याचा भरवसा नाही.

डिसेंबर उजाडला की नदी निवळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. सकाळी स्वेटर लागतो, खडकांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब दिसतं. नदीकाठच्या झाडांवर करड्या रंगाची मोठी खार असते, ती या पट्ट्याची खास. महासीर खळाळाच्या खालच्या डोहात असतो. झाडावरून पडलेली फळं, खेकडे, शिंपले, सगळं खातो. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात, त्यांनीच तो कवच फोडतो. मुलांना हे जरूर सांगा, ती ट्रिपभर आरशासमोर घसा उघडून बसतील.

मार्चनंतर पाणी उतरतं आणि मासे थोड्या खोल डोहांत अडकून पडतात. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांचं हेच दिवस फावतात. एका स्फोटात लहान-मोठं सगळंच संपतं. शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्येच असते हे खरं, पण तेव्हा काठावरचे खडक तव्यासारखे तापतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर नकोच.

आता या माशाची आपल्याला जवळची गोष्ट. कावेरीचा अस्सल रहिवासी म्हणजे पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी शेपटीचा महासीर. पण तिथे निळसर परांचा दुसरा महासीरही आहे, आणि तो आहे चक्क पुण्याचा! कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आपल्याकडच्या बोलीतलंच नाव त्याला दिलं, खुद्री. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून या माशाची पिल्लं वाढवली, कारण धरणांमुळे तो कमी होत होता. काम मोलाचंच होतं. ती पिल्लं देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या आधी मराठी मासा इकडे येऊन स्थिरावला होता, म्हणा ना.

तो इतका स्थिरावला की घरधन्यालाच जागा उरेना. गलीबोरेच्या कॅम्पवर १९९८ ते २०१२ पर्यंत पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महासीरांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेलेले दिसले, आणि उंच पाठीच्या महासीराची लहान पिल्लं जवळपास दिसेनाशी झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं आहेतच. पण बाहेरून आणून सोडलेला भाऊबंदही त्यात आहे. गंमत म्हणजे या जगप्रसिद्ध माशाचं शास्त्रीय नाव नक्की कोणतं, हेच २०१८ पर्यंत ठरलेलं नव्हतं. ते ठरलं, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. म्हणून कॅम्पवर कुणी पाण्यात मासा दाखवला तर जरूर विचारा, शेपटी निळी की नारिंगी? नारिंगी असेल तर तुम्ही फार थोड्यांनी पाहिलेलं काही पाहताय.

पाण्यात मात्र उतरू नका. मेकेदाटू म्हणजे शेळीची उडी, नदी इतकी अरुंद होते. खडकांना पाण्याने रांजण पाडलेत, वरून शांत दिसतं आणि खाली ओढ असते. दरवर्षी तिथे आणि मुत्तत्तीला तरुण मुलं बुडतात. हरिगोलूत, म्हणजे त्या गोल टोपलीसारख्या नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर बसू नका. अंधाराआधी परत निघा, या रस्त्यांवर हत्ती उतरतात.

महासीर अगदी हाताच्या अंतरावर बघायचा असेल तर दोन दिवस काढून शृंगेरीला जा. सव्वातीनशे किलोमीटर आहे, म्हणून पावसाळा संपल्यावरची जोडसुट्टी बघा. देवळामागे तुंगेच्या घाटावर चुरमुरे टाकले की मोठमोठे मासे पायरीपर्यंत येतात, त्यांना कुणी मारत नाही. गावी जाणं होत असेल तर महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडलाही देवीचे मासे असेच राखलेले आहेत. आणि शृंगेरीत त्या निळ्या परांच्या पुणेकराला बघून वाईट वाटून घेऊ नका. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेला मिळतं, तुंगेचंही तुंगभद्रेतून कृष्णेलाच. तिथे तो पाहुणा नाही, घरचाच आहे.